शोकेसमधली किटली, खिडकीतला पेला

माझ्या लग्नात मिळालेला टी-सेट पंधरा नगांचा आहे. सहा कप, सहा बश्या, एक किटली, साखरेचं भांडं आणि दुधाचा एक नखरेल जग. पांढऱ्यावर निळी बारीक फुलं, काठाला सोनेरी रेघ. १९९१ साली माझ्या सख्ख्या मावशीने तो दिला तेव्हा "एवढा खर्च कशाला?" म्हणून आई तिच्यावर सगळ्यांदेखत रागावली होती. तेव्हापासून आजवर तो वापरायला म्हणून मी चार वेळा काढला असेन. एकदा जाऊबाईंच्या मुलीला बघायला आले होते तेव्हा, एकदा नवऱ्याचे साहेब घरी आले तेव्हा, उरलेले दोन प्रसंग आता आठवतही नाहीत. एरवी वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, धुऊन पुसून पुन्हा शोकेसमध्ये.

गेल्या दिवाळीआधीही काढला. आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी मदतीला होत्या. किटली त्यांनी उलटी करून बघितली, तोटीत बोट घालून बघितलं आणि विचारलं, "ताई, ह्याच्यात नक्की काय करायचं असतं?"

"चहा."

त्या हसल्या. "चहा तर तुम्ही पातेल्यात करता."

आवराआवर झाल्यावर मी चहा टाकला. मला माझ्या मगात, त्यांना त्यांच्या पेल्यात. तो पेला स्टीलचा, बुडाशी एक पोचा असलेला. सिंकवरच्या खिडकीत, जाळीला टेकून तो उपडा असतो. ओट्यावर सोनेरी रेघेचे सहा कप निथळत पडले होते आणि मी त्यांच्यावरून हात लांब करून खिडकीतला पेला घेतला. पंधरा वर्षं असाच घेते आहे, त्यात नवं काही नव्हतं. फक्त त्या दिवशी मला माझा हात दिसला. कप एका मावशीने दिलेले होते आणि समोर दुसरी मावशी उभी होती.

मला लिहायचंय ते त्या पेल्याबद्दल. पण वाट किटलीवरून जाते.

किटली आपल्या स्वयंपाकघरात रुळली नाही यात आपला काही दोष नाही. ते भांडं पानांच्या चहासाठी जन्मलं. चीनमध्ये पूर्वी चहाच्या दाबून केलेल्या वड्या असत. त्या कुटून पूड करायची आणि ती गरम पाण्यात घुसळायची, त्याला वाडगा पुरे. १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने दरबाराला वड्यांचा नजराणा नको, सुटी पानं पाठवा, असं फर्मान काढलं. सुटी पानं घोटता येत नाहीत, ती मुरत ठेवावी लागतात. मग झाकण आणि तोटी असलेल्या भांड्याला महत्त्व आलं. यीशिंग गावच्या तांबूस-जांभळ्या मातीच्या मुठीएवढ्या किटल्या त्यानंतरच्या. त्यांना झिलई नसते, त्यामुळे चहाचा वास मातीत मुरत जातो. म्हणून एका किटलीत एकाच प्रकारचा चहा करावा असं तिथले जाणकार सांगतात. अशी किटली भेट देणाऱ्याला ती वापरली जाणार हे माहीत असतं. वापरून वापरून तिला जी चमक येते तिचंच कौतुक. आपल्याकडे उलटं आहे. खोका न फोडलेला टी-सेट जास्त मोलाचा, कारण तो पुढच्या लग्नात देता येतो. एका आहेरात मिळालेल्या सेटच्या तळाशी आम्हाला भलत्याच जोडप्याच्या नावाची चिठ्ठी सापडली होती. आम्ही ती काढून टाकली आणि सेट पुढे पाठवला.

किटलीत चहा कसा करावा हे आपल्याला कुणी शिकवलं नाही असंही नाही. आसामातला चहा इथल्याच लोकांनी प्यावा म्हणून मळेवाल्यांनी विसाव्या शतकात भरपूर खटपट केली. १९०३ पासून चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार चालला. बाजारात, रेल्वे स्टेशनांवर, गिरण्यांत फुकट चहा पाजला गेला. फलक छापले गेले : पाणी ताजं उकळा, किटली गरम करून घ्या, चमच्याने मोजून पत्ती टाका, झाकण ठेवून मुरू द्या, दूध शेवटी. लोकांनी चहा घेतला आणि पाठ तेवढा सोडून दिला. दूध, साखर, पाणी, आलं, सगळं एका पातेल्यात घालून खळखळ उकळलं. १९३० च्या सुमारास आसामातच पानं चिरडून, फाडून, त्यांच्या गोळ्या वळणारं सीटीसी यंत्र आलं आणि पुढे त्याचीच बारीक, कडक पूड घरोघरी गेली. त्या पुडीला मुरायला वेळ लागत नाही आणि उकळल्याशिवाय तिची मजा नाही. मी एकदा हट्टाने मावशीच्या किटलीत आपली नेहमीची पूड टाकून बघितली. तोटीच्या आतल्या भोकांत गाळ बसला आणि चहा झाकणातून टेबलक्लॉथवर आला. आपली खरी किटली टपरीवरची, ॲल्युमिनियमची, काळी पडलेली, एका हातात ती आणि दुसऱ्या हातात काचेच्या ग्लासांचं तारेचं स्टँड घेऊन पोऱ्या चार जिने चढतो ती.

थोडक्यात, किटली नाही वापरली तर काही बिघडत नाही. जिथे ती रुळली तिथेही ती फार समतेची होती असं समजायचं कारण नाही. इंग्रजांच्या घरात बाईसाहेब किटलीतून कप भरत तेव्हा नोकर मागे उभेच असत. त्यांचा चहा खाली, त्यांच्या जागी. प्रश्न भांड्याच्या आकाराचा नाहीच. कुणाच्या ओठाला लागलेलं भांडं आपण कुठे ठेवतो, हा प्रश्न आहे. आणि त्या बाबतीत आपल्याकडे जेवढा बारीक विचार झालाय तेवढा कुठे झाला असेल असं वाटत नाही.

माझी आजी चिनी मातीला शिवायची नाही. धातूचं भांडं घासून, राखेनं उजळून शुद्ध होतं. मातीचं एकदा उष्टं झालं की झालं, हा तिचा हिशेब. ती चहा फुलपात्रातून प्यायची, पदरात धरून. आजोबांची कपबशी वेगळी, ती तिच्या सोवळ्याच्या मांडणीवर कधी चढली नाही. (बोन चायनाच्या कपात निम्म्याच्या आसपास जनावरांच्या हाडांची राख असते हे तिला कुणी सांगितलं नाही, ते एक बरं झालं.) म्हणजे कोणतं भांडं कुणाचं, ते कुठे ठेवायचं, कुणी विसळायचं याचे नियम आमच्या घरात चहाच्याही आधीपासून होते. चहा आला आणि त्या नियमांत बसला. खिडकीतला पेला आकाशातून पडलेला नाही. तो त्या मांडणीचा नातू आहे.

पुण्याला तर चहावरून झालेलं भांडण नवं नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली. शेवटी चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी कप नुसता हातात धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, खोडसाळपणात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी हजर असलेल्यांची नावंच वर्तमानपत्रात छापून आणली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गावात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्यावरून भांडण, माजलं, तक्रार शंकराचार्यांकडे गेली, चौकशीला कमिशन बसलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांचे सुधारक मित्र त्यांच्यावर नाराज झाले. ख्रिस्ती मिशनमधल्या एका कप चहासाठी पुढे हायकोर्टाचा न्यायमूर्ती झालेल्या माणसावर ही पाळी आली, म्हणून आज आपण हसतो.

मला मात्र त्या प्रकरणात एक सरळपणा दिसतो. कुणी म्हणालं नाही की मिशनमधले कप नीट विसळलेले नव्हते. कुणी म्हणालं नाही की पाद्रीबुवांनाच आमच्याबरोबर प्यायला संकोच वाटतो. विटाळ झाला असं ज्यांना वाटलं त्यांनी विटाळ झाला असं छापून सांगितलं आणि ज्यांना ते मान्य नव्हतं त्यांनी तेही सांगितलं. प्रश्न चव्हाट्यावर होता, त्याला त्याचं नाव होतं. आज तोच प्रश्न खिडकीत उपडा ठेवलेला आहे आणि त्याला आपण 'सवय' म्हणतो.

मधल्या काळात बाहेरचा चहा पुष्कळ सुधारला, हे मान्य केलं पाहिजे. इराण्याकडच्या संगमरवरी टेबलावर कोण कोणाच्या आधी कोणत्या कपातून प्यायलं हे कुणी विचारत नव्हतं. मालकाला तुमच्या सोवळ्याशी देणंघेणं नव्हतं, गल्ल्याशी होतं. त्याच काळात 'ब्राह्मणाचे उपाहारगृह' अशा पाट्याही होत्याच. पण या सगळ्यात मला सगळ्यांत मोठं वाटतं ते कोल्हापूर. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवले म्हणून मार खावा लागला. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर त्यांचं सत्यसुधारक हॉटेल उभं राहिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येणार कुठून? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजायचे. छत्रपतींनी दिलेला कप कोण नाकारणार! समतेवरची दहा भाषणं एकीकडे आणि हा भर रस्त्यातला चहा एकीकडे. महाराजांनी त्या माणसाला भांडवल दिलं, तेवढंही दान म्हणून पुरलं असतं. त्यांनी त्याच्या दुकानातला कप तोंडाला लावला आणि तो लोकांना दिसेल असा लावला.

मग कायदा आला. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली. १९५५ च्या कायद्याने, ज्याला आपण आता नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतो, हॉटेलात किंवा धर्मशाळेत ठेवलेली भांडी वापरायला अस्पृश्यतेच्या कारणाने मज्जाव करणं हा गुन्हा ठरवला. भांडी हा शब्द कायद्यात आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो लिहिणाऱ्यांना विटाळ कुठे राहतो ते नेमकं ठाऊक होतं. पण तो कायदा हॉटेलच्या कपाबशीबद्दल बोलतो. माझ्या स्वयंपाकघरातली मांडणी त्याच्या टप्प्यात येत नाही. शहरातल्या टपरीवर आता एकाच ग्लासातून सगळ्या जातींची माणसं चहा पितात, आणि तीच माणसं घरी आली की पेले वेगळे. हे काम पोलिसांनी करायचं नाही. म्हणूनच ते लेखात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, जेवणाच्या टेबलावर काढायला हवं.

मी हा विषय काढला तेव्हा काय काय ऐकलं ते सांगते. पहिलं उत्तर स्वच्छतेचं. "अगं, जातीचं काही नाही, पण पाच घरी काम करतात, कुठे कुठे हात लागतात." असेल. पण आपल्या घरातला प्रत्येक कप, प्रत्येक ताट, नातवाची दुधाची बाटलीसुद्धा त्याच हातांनी घासली जाते. ते हात चालतात. त्या हातांनी मळलेली कणीकही कित्येक घरांत चालते. फक्त ओठ चालत नाहीत. साबण एक, पाणी एक, घासणारी एक. मग त्या एका पेल्यात असं काय उरतं जे साबणाने जात नाही? ज्याला या प्रश्नाचं स्वच्छतेतलं उत्तर सापडेल त्याने मला जरूर सांगावं.

दुसरं उत्तर, "त्यांनाच आवडत नाही, त्याच संकोचतात." हे खरं आहे आणि म्हणूनच जास्त वाईट आहे. पंधरा वर्षं खिडकीतून पेला द्यायचा आणि सोळाव्या वर्षी कप पुढे केल्यावर त्या दचकल्या की म्हणायचं, बघा, त्यांनाच नको. तिसरं उत्तर माझ्या एका मैत्रिणीने दिलं आणि ते मला आवडलं, कारण ते खरं होतं. ती म्हणाली, "मला कळतं गं सगळं. पण माझ्या सासूबाई आहेत तोवर मी नाही करू शकत." या उत्तराशी भांडता येतं, निदान ते भांडण्याच्या जागी उभं आहे.

आणि चौथं उत्तर कागदी कपाचं. हे सगळ्यांत नवीन आणि सगळ्यांत हुशार. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला वर्गणीदारांना मेलामाइनच्या कपातून चहा येतो, वॉचमन आणि झाडूवाल्यांना कागदी कपातून. विचारलं तर "कप कमी पडतात." मी एका कार्यालयात बरीच वर्षं काढली. तिथे साहेबांना कपबशी, आम्हा बाकीच्यांना ज्याचा त्याचा मग, आलेल्या माणसाला कागदी कप, आणि सफाईवाल्या बाईंचा ग्लास संडासाच्या पॅसेजमधल्या कट्ट्यावर. कुणी कुणाचा अपमान करत नव्हतं. सगळे हसून बोलायचे. कागदी कपाची गंमत अशी की त्याने वेगळेपणाला आरोग्याचा वास दिला. वापरा, चुरगळा, फेका. उष्ट्याचा प्रश्नच मिटला. तोही खरं तर मिटत नाही. या कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की गरम पेय पंधरा मिनिटं अशा कपात राहिलं तर शंभर मिलिलिटरमध्ये सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात. म्हणजे वेगळेपणा तर राहिलाच, वर हे. हल्ली फॅशनमध्ये आलेल्या मातीच्या कुल्हडाबद्दलही मला फार प्रेम वाटत नाही. एकदा पिऊन फोडायचं भांडं ही कल्पनाच मुळात उष्ट्याच्या भीतीशी नातं सांगणारी आहे. सेल्फी काढणाऱ्यांना त्याच्याशी काय!

आपण भोळे नाही आहोत. सोबत चहा घेणं म्हणजे काय हे या राज्याला चांगलं कळतं. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री चहापानाला बोलावतात आणि विरोधी पक्ष त्यावर बहिष्कार टाकतो, मग तो पक्ष कोणताही असो. पेपरात बातमी येते आणि आपल्यापैकी एकालाही विचारावं लागत नाही की नुसत्या चहाचा एवढा काय बाऊ. लग्न जुळवायचं तर चहा-पोहे, लाच मागायची तर 'चहापाण्याचं बघा', भांडण मिटलं हे दाखवायचं तर "ये, चहा घे". चहाचा हा सगळा व्याकरणपाठ तोंडपाठ असलेली माणसं जेव्हा म्हणतात की पेला वेगळा आहे पण त्यामागे काही नाही, तेव्हा मला ते पटत नाही.

माझं मागणं लहान आहे. सोसायटीच्या नियमावलीत पार्किंगची चार पानं असतात. तिथे एवढं लिहावं की सभेला, सणाला, झेंडावंदनाला सगळ्यांना एकाच प्रकारच्या कपातून चहा मिळेल. कार्यालयात कपांची मांडणी एक असावी, ज्याला हवा त्याने हवा तो घ्यावा आणि विसळून ठेवावा. घरात तर नियमाचीही गरज नाही. आणि आहेरात टी-सेट देणाऱ्यांनी तो जरूर द्यावा, पण सहाचे आठ कप असलेला द्यावा. दोन कप कमी पडतात, हे कारण फार वर्षं पुरलंय.

मी काय केलं ते सांगितल्याशिवाय हे सगळं पोकळ आहे, म्हणून सांगते. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. भाऊबिजेनंतर कामावर आल्या त्या दिवशी मी मावशींना सोनेरी रेघेच्या कपात चहा दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, जसा आपण देवळातला प्रसाद धरतो. जमिनीवर बसल्या. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "राहू दे ताई, फुटलाबिटला तर सेट मोडायचा." मी म्हटलं फुटू दे. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी तो कप सगळ्यांच्या आधी घासला, पुसला आणि शोकेसपाशी नेऊन माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "एक बोलू का? ह्या कपात घोटभरसुद्धा मावत नाही. सकाळपासून तीन घरं झालेली असतात. माझा पेलाच बरा होता."

मी त्यांच्यासाठी समतेचा समारंभ मांडला होता आणि त्यांना चहा हवा होता, भरपूर. कप आता पुन्हा शोकेसमध्ये आहेत. मी बाजारातून त्याच मापाचे पाच स्टीलचे पेले आणले आणि खिडकीतला काढून सहाही ओट्यावरच्या मांडणीत एका ओळीत उपडे घातले. घरात सगळ्यांनी त्यातूनच चहा प्यायचा असं ठरवलं. नवऱ्याने कुरकुर केली, गरम लागतो म्हणून. मावशी आता खुर्चीवर बसतात, नेहमी नाही, पण बसतात.

एक मात्र लिहायचं राहिलं. नवे पाच पेले गुळगुळीत आहेत आणि जुन्याला पोचा आहे. पहिले आठ दिवस सकाळचा चहा ओतताना माझा हात तो सोडून शेजारच्याकडे जात होता. नवव्या दिवशी मी तो उचलला, चहा ओतला आणि प्यायला बसले. निम्मा संपेपर्यंत माझं सगळं लक्ष त्या पेल्याच्या काठाकडे होतं.